पंचम लागेना

तंबोऱ्याची तार एकदा छेडली की पुढची तार वाजली म्हणून ती गप्प बसत नाही. पंचम छेडला, तो अजून हवेत असतानाच जोडाची, म्हणजे षड्जाच्या जोडीतली, पहिली तार, मग दुसरी, मग खर्ज, म्हणजे खालचा षड्ज, आणि खर्ज घुमत असतानाच पुन्हा पंचम. चारही तारा एकमेकींत मिसळून जो अखंड नाद होतो त्याला आपण तंबोरा म्हणतो. मिरजेत वाढलेल्या पोराला हे कुणी शिकवावं लागत नाही. कॉम्प्युटरला मात्र शिकवावं लागतं. १९९८ साली मी ते शिकवायला बसलो आणि त्यात माझे सहा महिने गेले.

मी तेव्हा सांगलीत इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो आणि मिरजेहून जाऊन-येऊन करत होतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, पोस्टात नोकरीला. पण त्यांचा दिवस खरा सुरू व्हायचा तो पहाटे पाचला, रियाजाने. त्या वर्षी पावसाळ्यात त्यांचा उजवा खांदा आखडला. तंबोरा मांडीशी घेऊन गाता गाता छेडणं बंद झालं. संध्याकाळी शिकायला येणारी मुलं छेडून द्यायची, पण पहाटे पाचला कोण येणार? इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याच्या पेट्या बाजारात मिळत होत्या. एकाने आणून दाखवलीही. अण्णांनी दोन मिनिटं ऐकली आणि म्हणाले, ‘‘सूर बरोबर आहे हो, पण ह्यात भोपळा नाही.’’

घरात माझ्या शिक्षणासाठी कर्ज काढून घेतलेला कॉम्प्युटर होता. पेन्टियम १३३, १६ एमबी रॅम, आणि साउंड ब्लास्टर १६शी जुळणारं एक कार्ड. मला वाटलं, आपल्याच तंबोऱ्याची एकेक तार रेकॉर्ड करायची आणि क्रमाने वाजवायची, झालं. रविवारभराचं काम.

इथे थोडं मागे जाऊन सांगायला हवं, कारण आज फोनवर चार गोष्टी एकाच वेळी वाजतात याचं कुणाला काही वाटत नाही. १९८१च्या आयबीएम पीसीत आवाजासाठी होता फक्त एक छोटा स्पीकर आणि त्याला जोडलेला टायमर. टर्बो सी या प्रोग्रॅम लिहायच्या साधनात ‘साउंड’ नावाचं फंक्शन होतं. त्याला आकडा द्यायचा, की तेवढ्या कंपनांची एक सरळसोट किर्र सुरू. एका वेळी एकच. १९८७ साली अ‍ॅडलिब कार्ड आलं, त्यात यामाहाची चिप होती, नऊ स्वर एकदम निघायचे. पण ते चिपने घडवलेले स्वर. रेकॉर्ड केलेला खरा आवाज वाजवायची सोय सिंगापूरच्या क्रिएटिव्हने १९८९च्या साउंड ब्लास्टरमध्ये दिली, आणि घरोघरी तेच कार्ड झालं. मात्र त्यात आवाजाची वाट एकच होती. आकड्यांची एक रांग आत ओतायची, तेवढंच बाहेर वाजणार. कमोडोर अमिगाच्या पाउला चिपमध्ये चार वेगळ्या वाटा होत्या. १९९२च्या ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंडमध्ये तर ३२, आणि मिसळण्याचं काम कार्डच करायचं. साउंड ब्लास्टरवाल्याला चार तारा एकत्र ऐकायच्या असतील तर त्या आधी प्रोसेसरने मिसळायच्या आणि तयार रांग कार्डाला द्यायची. यालाच मिक्सिंग म्हणतात.

मिसळणं म्हणजे काय? बेरीज. खरोखर नुसती बेरीज. हवासुद्धा तेच करते. एका क्षणाला पंचमाची तार हवेला जितकी ढकलते आणि जोडाची तार जितकी ढकलते, त्यांची बेरीज कानाच्या पडद्याला लागते. हे कळल्यावर मला इतका आनंद झाला होता की मी स्वयंपाकघरात जाऊन आईला सांगितलं.

मग मी टर्बो सीमध्ये स्वतः मिक्सर लिहायला घेतला. एका सीडीवर साउंड ब्लास्टरशी थेट कसं बोलायचं याची टेक्स्ट फाइल सापडली होती. विंडोज ९५ बंद करून एमएस-डॉस मोडमध्ये यायचं. २२६ (हेक्स, म्हणजे सोळाच्या पद्धतीतला आकडा) या पोर्टवर, म्हणजे कार्डाच्या दारावर, १ लिहायचा, तीन मायक्रोसेकंद थांबायचं, ० लिहायचा, आणि मग पोर्ट २२ए वाचत राहायचा. कार्ड जिवंत असेल तर तिथून ‘एए’ येतो. पडद्यावर पहिल्यांदा ‘एए’ उमटलं तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले होते. तारेला बोट लावायच्या आधी घोडीवर हलकेच टकटक करून बघावं आणि भोपळ्यातून उत्तर यावं, तसं वाटलं.

त्यानंतरचे दोन महिने कठीण गेले. आवाजाचे आकडे मेमरीतून कार्डापर्यंत नेतो तो डीएमए. ही चिप मेमरीकडे ६४ केबीच्या पानांनी बघते. माझा बफर, म्हणजे आकडे साठवायची मेमरीतली जागा, दोन पानांच्या मध्ये पडला, तर ती पान उलटत नाही, त्याच पानाच्या सुरुवातीला परत जाते. परिणाम असा, की प्रोग्रॅम एकदा नीट चालायचा आणि त्यात एक ओळ वाढवली की जोडाच्या तारेनंतर रेडिओच्या दोन स्टेशनांमधली खरखर यायची. ओळीचा आणि खरखरीचा काही संबंध नाही. ओळीमुळे बफर सरकत होता एवढंच. हे कळायला मला तीन आठवडे लागले. उपाय दोन ओळींचा: हवा त्याच्या दुप्पट बफर मागायचा आणि त्यातला जो अर्धा पान ओलांडत नाही तो वापरायचा.

दुसरी अडचण टिकटिकीची. एक तुकडा वाजवून संपला की कार्ड इंटरप्ट, म्हणजे ‘संपलं’ अशी हाक, देतं, मग आपण पुढचा तुकडा सुरू करतो. त्या मधल्या क्षणभराच्या पोकळीत ‘टिक्’ होतं. एरवी ते खपलं असतं. तंबोऱ्यात नाही. तंबोरा ही गाणाऱ्याच्या पायाखालची जमीन, तिला भेग चालत नाही. कार्डाला ऑटो-इनिट सांगायचं, बफर गोल फिरता ठेवायचा, आणि अर्धा वाजत असताना दुसरा अर्धा भरायचा, हे जमल्यावर टिकटिक गेली.

तिसरी अडचण बेरजेचीच. आठ बिटांत आकडा उणे १२८ ते १२७. एका तारेचा त्या क्षणाचा आकडा १००, दुसरीचा ६०. बेरीज १६०. पण १६० ला तिथे जागाच नाही, ते फिरून उणे ९६ होतं. म्हणजे स्पीकरचा पडदा पूर्ण बाहेर जायच्या ऐवजी एका झटक्यात आत ओढला जातो. फटाका फुटल्यासारखा आवाज येतो. मग मी प्रत्येक तारेला चाराने भागलं. फटाके थांबले, पण आठ बिटांतले दोन बिट त्यात गेले. सहा बिटांचा तंबोरा म्हणजे तंबोरा कमी आणि खस्स जास्त. शिवाय टर्बो सीच्या १६ बिटांच्या जगात एका तुकड्यात ६४ केबीच मावायचे. सेकंदाला ११,०२५ आकडे धरले तर जेमतेम सहा सेकंद. आमच्या खर्जाची तार त्याहून जास्त वेळ बोलते. अण्णांना ऐकवलं तेव्हा ते मायेने म्हणाले, ‘‘तंबोरा लांबून, पावसात वाजतोय असं वाटतं.’’

इथे मी थांबलो असतो. पण पुण्यात शिकणाऱ्या एका मित्राला हे पत्राने कळवलं होतं. दिवाळीत तो आला तो पाच फ्लॉप्या घेऊन. त्यात होती अ‍ॅलेग्रो.

अ‍ॅलेग्रो ही गेम लिहिणाऱ्यांसाठी केलेली लायब्ररी, म्हणजे आपल्या प्रोग्रॅममध्ये आयता वापरता येईल असा लिहून ठेवलेला कोड. शॉन हारग्रीव्ह्ज यांनी ती मुळात अटारी एसटी या कॉम्प्युटरसाठी लिहायला घेतली होती. अटारीचे दिवस सरत आल्यावर १९९५च्या सुमारास ती पीसीवर आणली, डीजेजीपीपी या कम्पायलरसाठी (कम्पायलर म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत आणणारा). डीजेजीपीपी म्हणजे डीजे डेलोरी यांनी डॉसवर आणलेला, जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचा सी कम्पायलर. तोही फुकट, आणि ३२ बिटांचा. त्यात ६४ केबीची भिंतच नाही. १६ एमबी रॅम आहे तर १६ एमबी वापरा. माझी आठ सेकंदांची, १६ बिटांची, सेकंदाला २२,०५० आकड्यांची तार ३,५२,८०० बाइटची होती. टर्बो सीने तिला दारातच अडवलं असतं.

तिसरी फ्लॉपी वाचलीच जाईना. ‘अबॉर्ट, रिट्राय, फेल’ येत राहिलं. मित्र पुण्याला परत गेलेला. चौदा दिवसांनी पोस्टाने नवी फ्लॉपी आली, पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये बांधलेली. अण्णांनीच ती ऑफिसातून हातात धरून आणली, इतर टपालाखाली दाबली जाऊ नये म्हणून.

फाइली उघडल्यावर मी सगळ्यात आधी परवाना वाचला, कारण फुकट म्हटलं की काहीतरी मेख असणार असं मनात होतं. तिथे लिहिलं होतं की ही भेट आहे. वापरा, बदला, पुढे द्या, परत काही देण्याचं बंधन नाही. ‘गिफ्टवेअर’ हा शब्द मी तिथे पहिल्यांदा वाचला. अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांना त्यात नवल वाटलं नाही. त्यांच्या गुरुजींनीही त्यांच्याकडून कधी फी घेतली नव्हती. पण मला वाटलं. आणि भेटीत फक्त तयार लायब्ररी नव्हती, तिचा सगळा सोर्स, म्हणजे मूळ लिहिलेला कोड, होता. मिक्सरची फाइल वेगळी होती, शांतपणे वाचता येईल अशी.

(अशी लायब्ररी ही एकटीच होती असं नाही. जाँ-पॉल मिकर्स यांचं मिकमॉड होतं, फिनलंडच्या मंडळींचं मिडास होतं. पण ती मुख्यतः अमिगावरून आलेल्या मॉड फाइली, म्हणजे सॅम्पल (रेकॉर्ड केलेला आवाज) आणि स्वरलिपी एकत्र बांधलेलं संगीत, वाजवण्यासाठी. मला गाणं वाजवायचं नव्हतं. मला चार तारा हव्या होत्या.)

पहिला प्रोग्रॅम वीसेक ओळींचा झाला. साउंड सुरू करायला एक ओळ. कार्ड कुठलं, पोर्ट कुठला, इंटरप्ट कुठला हे लायब्ररी स्वतः शोधते. ऑटोएक्झेक फाइलमधली ‘ब्लास्टर’ची ओळ वाचते. मग तार लोड करायची आणि ‘प्ले सॅम्पल’ म्हणायचं. त्याला पाच गोष्टी द्यायच्या: कुठलं सॅम्पल, किती मोठ्याने, डावीकडे की उजवीकडे, कुठल्या वेगाने, आणि एकदाच की फिरून-फिरून. वेग १००० म्हणजे मूळ स्वर. ज्या ‘एए’साठी मी रात्र जागवली होती ते सगळं त्या एका ओळीच्या पोटात होतं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. स्वतः भिंतीला डोकं लावलेलं असल्यामुळेच ती फाइल वाचताना प्रत्येक ओळ कशासाठी आहे ते कळत होतं. ६४ केबीचं पान सांभाळणारी ओळ दिसली तेव्हा ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं.

मिक्सर कसा केला होता तेही सांगतो, कारण त्यातली हुशारी आजही मला आवडते. प्रत्येक आकड्याला आवाजाच्या पातळीने गुणायचं तर सेकंदाला हजारो गुणाकार, तेही प्रत्येक तारेसाठी. जुन्या ३८६ वर हे परवडणारं नव्हतं. म्हणून पातळीच्या ३२ पायऱ्या ठरवून प्रत्येक पायरीचा पाढा आधीच लिहून ठेवलेला. गुणायचं नाही, पाढ्यातून उचलायचं. बेरीज आठ बिटांत न करता मोठ्या जागेत करायची आणि अगदी शेवटी दुसऱ्या एका तक्त्यातून ती मापात बसवायची. जास्त असेल ते वरच्या टोकाला थांबतं, फिरून उणे होत नाही. म्हणजे फटाका नाही आणि खस्सही नाही. मी दोन महिने ज्याच्याशी झगडलो ते एका तक्त्यात मिटलं होतं.

पहिल्या दिवशी मी चारही तारा पूर्ण आवाजात लावल्या आणि अण्णांना हाक मारली. ते म्हणाले, ‘‘जवारी कुणी काढली? फार उघडी आहे, घशात केस अडकल्यासारखी.’’ जवारी म्हणजे घोडीवर तार घासून येणारी झणकार. ती कुणी काढली नव्हती. बेरीज वरच्या टोकाला जाऊन सपाट होत होती, आणि लाटेचा माथा सपाट झाला की त्यातून नवे वरचे स्वर निर्माण होतात. कान त्यांनाच जवारी समजत होता. आवाज साठ टक्क्यांवर आणल्यावर आमच्या तंबोऱ्याची खरी जवारी ऐकू आली, सतारमेकर गल्लीत दोऱ्याने जुळवून घेतलेली.

आता मुख्य भांडण. मी रेकॉर्ड केली होती फक्त जोडाची तार, अण्णांच्या सुरात, म्हणजे पेटीवरच्या (हार्मोनियमवरच्या) ‘काळी एक’ पट्टीच्या षड्जात. बाकीच्या तिचा वेग बदलून काढायच्या असं ठरवलं होतं. खर्ज म्हणजे निम्मा वेग, ५००. मंद्र पंचमासाठी मी एका पुस्तकातल्या पेटीच्या स्वरांच्या कोष्टकातून गुणोत्तर घेतलं: ७४९. सुरू केलं. अण्णा डोळे मिटून बसले. खर्ज ठीक, जोड ठीक. मग म्हणाले, ‘‘पंचम लागला नाही. उतरलाय.’’

मला लगेच कारण सापडलं, असं वाटलं. पेटीचे स्वर समान अंतरांचे, त्यातला पंचम खऱ्या पंचमापेक्षा कणभर कमी असतो. तंबोऱ्याचा पंचम चोख, षड्जाच्या दीडपट. खालच्या सप्तकात पाऊणपट. म्हणजे ७४९ नव्हे, ७५०. आकडा बदलला. विजयी मुद्रेने पुन्हा लावला.

‘‘तेवढाच उतरलाय,’’ अण्णा म्हणाले.

मी म्हटलं, ‘‘अण्णा, आता बदललाय हो.’’

‘‘तू बदलला असशील. पंचम नाही बदललेला. लाटा मोज.’’

आणि त्यांनी डाव्या हाताने मांडीवर लाटा मोजून दाखवल्या. एका सेकंदात दोन. पंचमाची तार आणि षड्जाची तार चोख जुळलेल्या असतील तर पंचमाचा चौथा स्वयंभू स्वर (तारेतून आपोआप निघणारा, तिच्या कंपनांच्या चौपट) आणि षड्जाचा तिसरा स्वयंभू स्वर (तिप्पट) एकच असतात. जरा फरक असेल तर त्या दोघांत आंदोलन होतं, वाँव-वाँव असं. तंबोरा लावणारा तारेत ओवलेला मणी सरकवतो तो हेच आंदोलन शांत होईपर्यंत. मी कागदावर मांडलं. काळी एकचा षड्ज साधारण १३८.६ कंपनांचा. ७५० मुळे काही लाट यायलाच नको होती. ७४९ असता तरी सुमारे दोन सेकंदांत एक आली असती. सेकंदाला दोन येत होत्या, म्हणजे पंचम खरोखरच बराच उतरलेला होता. अण्णांचा कान बरोबर होता, माझा कागद कुठेतरी चुकत होता.

दोन दिवस मी माझाच प्रोग्रॅम तपासत राहिलो. तिसऱ्या दिवशी मिक्सरची फाइल उघडली.

वेग बदलायचा म्हणजे सॅम्पलच्या आकड्यांवरून लांब किंवा आखूड पावलं टाकत जायचं. मूळ वेगाला एक आकडा वाजवून एक पाऊल. पाऊणपट वेगाला पाऊण पाऊल. पाऊण पाऊल पूर्णांकात कसं लिहिणार? तर पावलाचे २५६ भाग करायचे. पूर्ण पाऊल २५६, अर्धं १२८, पाऊण १९२. अगदी चोख बसायला हवं. मी पाऊल छापून बघितलं. पडद्यावर आलं: १९१.

२२,०५०चे पाऊणपट १६,५३७.५. पूर्णांकात अर्धा गळतो, उरतात १६,५३७. त्याला २५६ने गुणून २२,०५०ने भागलं की १९१.९९. पुन्हा अपूर्णांक गळतो, उरतात १९१. आणि ७४९ घातला की १९१.७४, म्हणजे तेही १९१च! म्हणून आकडा बदलूनही पंचम हलला नव्हता. १९१ आणि १९२ मधलं अंतर म्हणजे सप्तकाचे १२०० भाग केले तर त्यातले नऊ भाग. गेममधल्या स्फोटाला किंवा मोटारीच्या आवाजाला हे अंतर कुणाच्या कानाला कळणार नाही, आणि लायब्ररी त्याच कामासाठी होती. तिथे २५६ भाग पुरेसे आणि झटपट. तंबोऱ्याला मात्र नऊ भाग म्हणजे चार मणी सरकवण्याइतकं अंतर. खर्ज का जुळला होता तेही उलगडलं: निम्मं पाऊल १२८, तिथे गळायला काही शिल्लकच नव्हतं.

त्या फाइलीच्या मुळाशी एक आकडा होता, ८. पावलाचे दोनाचा आठवा घात, म्हणजे २५६ भाग. मी ८चे १२ केले. आता भाग ४०९६. बदल्यात सॅम्पल किती लांब असू शकतं याची मर्यादा खाली येते, पण माझ्या आठ सेकंदांना ती अजून पुष्कळ होती. वेगाचा मूळ आकडा आत बारा बिटांच्याच हिशेबाने ठेवलेला होता, त्यामुळे दुसरीकडे कुठे हात लावावा लागला नाही. ‘मेक’ म्हटलं. लायब्ररी पुन्हा बांधली जाईपर्यंत फाइलींची नावं पडद्यावरून सरकत होती आणि मी नखं कुरतडत होतो. पाऊल आलं ३०७१. चोख ३०७२ हवं होतं. उरलेला फरक सप्तकाच्या १२०० भागांतला अर्धा. लाट आता सात सेकंदांत एक.

अण्णांना मी काही सांगितलं नाही. संध्याकाळी ते चहा घेत असताना लावून ठेवलं. कप अर्ध्यात थांबला. काही न बोलता त्यांनी डाव्या हाताने मांडीवर मोजायला सुरुवात केली आणि मग हात तसाच ठेवला. ‘‘लागला,’’ म्हणाले. ‘‘काय केलंस?’’

मी म्हटलं, ‘‘मणी बारीक केला.’’

हे त्यांना बरोब्बर कळलं. त्यावरून पुढची कल्पनाही त्यांचीच: वर-खाली बाणांच्या कळा म्हणजे मणी. कळ एकदा दाबली की सूर केसभर चढतो किंवा उतरतो. जुन्या २५६ भागांत एक दाब जवळजवळ सात भागांचा झाला असता, म्हणजे मणी न सरकवता खुंटीच पिळल्यासारखं. ४०९६ भागांत तो अर्ध्याहून कमी. शिष्यांच्या पेटीशी जुळवून घ्यायला हे फार उपयोगी पडलं, कारण प्रत्येक घरातल्या पेटीचा काळी एक वेगळा असतो.

मधे एक छोटी खोड निस्तरावी लागली. तीच तार पुन्हा छेडताना आधीचा नाद मधेच तोडला की ‘टक’ व्हायचं. प्रत्येक तारेला दोन व्हॉइस, म्हणजे मिक्सरमधल्या वाजायच्या दोन वाटा, दिले. जुना व्हॉइस ४० मिलिसेकंदांत ओसरत जातो, नवा सुरू होतो. खऱ्या तंबोऱ्यातही छेडताना बोट तारेला लागतं आणि आधीचा नाद क्षणभर दबतो. टक गेलीच, शिवाय छेडल्याचा भास आला. असे आठ व्हॉइस, आणि पेन्टियमला त्याचं काही ओझंही झालं नाही.

मला वाटलं संपलं. अण्णा म्हणाले, ‘‘गंधार कुठाय?’’

तंबोऱ्याची खर्जाची तार चांगली लागली की तिच्यातून गंधार आपोआप ऐकू येतो. कुणी तो छेडत नाही. तो तारेतला पाचवा स्वयंभू स्वर. माझा खर्ज म्हणजे जोडाच्या तारेची पोलादी झणकार निम्म्या वेगाने ओढून लांबवलेली. सूर खर्जाचा, पण जवारीसुद्धा निम्म्यावर आलेली, बंद, ब्लँकेटखालून ऐकू यावी तशी. त्यातून गंधार उगवणार कुठून? खर्जाला पितळेची जाड तार असते, तिचा नाद वेगळाच. इथे कुठलाही आकडा बदलून भागणार नव्हतं. तार खरीच रेकॉर्ड करायला हवी होती, आणि तिच्या जोडीने पंचमाचीही.

रेकॉर्डिंगला आम्ही रात्री दोनची वेळ निवडली. पंखा बंद, खिडक्यांना गोधड्या. माइक भोपळ्यापासून हातभर दूर. आईने तंबोरा धरला, तिने खर्ज छेडला. पहिल्या वेळी कुत्रं भुंकलं. दुसऱ्या वेळी स्टेशनातून मालगाडी गेली. तिसऱ्या वेळी कॉम्प्युटरच्याच पंख्याची घरघर आत आली, म्हणून माइकची वायर ताणून तंबोरा माजघरात नेला. पाचवी वेळ चांगली आली. आठ सेकंद आम्ही तिघंही श्वास धरून बसलो होतो. तार शांत होत गेली तसा तिच्या पोटातून गंधार वर आला आणि सगळ्यात शेवटी विरला.

त्या तीन फाइली माझ्याकडे अजून आहेत. खर्जाच्या फाइलीत शेवटी, अगदी कान देऊन ऐकलं तर, आईने सोडलेला श्वास ऐकू येतो. मी तो कापला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली ती तंबोऱ्याने. अण्णांना कॉम्प्युटर चालू करता यायचा नाही, रात्री मीच डॉसमध्ये आणून ठेवला होता आणि कागदावर इंग्रजी अक्षरं मोठी काढून दिली होती. त्यांनी डाव्या हाताच्या एका बोटाने सातही अक्षरं शोधून ‘तंबोरा’ टाइप केलं होतं, आणि खाली बाण दोनदा दाबून षड्ज त्यांच्या सकाळच्या गळ्याला लावून घेतला होता.